गोरेगांवच्या यंत्रशाळा व जुनीं मिलिंग यंत्रें : एका दुर्लक्षित साधनाचा विचार

ताम्रपट, बखरी, महजर, नाणीं आणि पोथ्या यांच्या विवेचनासाठीं ज्या त्रैमासिकाचीं पानें राखलेलीं असतात, त्यांत लोखंड कापणाऱ्या यंत्रांविषयीं लेख यावा हें कित्येक वाचकांस विपरीत वाटेल. परंतु आज विपरीत वाटणारी वस्तु उद्यां साधन ठरते, हा अनुभव आपल्या मंडळींस नवा नाहीं. कै. राजवाडे यांनीं १८९८ सालीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. त्या काळीं जुन्या वाड्यांतील रुमाल रद्दीच्या भावानें जात, आणि ज्या कागदांत वाणी पुड्या बांधी तेच कागद इतिहासाचे अस्सल पुरावे होत, हें लोकांस पटवून देणें हेंच संशोधकाचें निम्में काम होतें. मोडी कागद वाचवावयाचा काळ बहुतेक संपला. जें वांचलें तें वांचलें. मुंबई बेटाच्या व साष्टीच्या गेल्या दीडशें वर्षांच्या इतिहासाचें एक निराळें दप्तर मात्र आज आमच्या डोळ्यांदेखत वजनावर विकलें जात आहे. तें कागदाचें नाहीं, बिडाचें आहे. त्याकडे संग्राहकांचें लक्ष वेधावें एवढ्याचसाठीं हा प्रपंच.

प्रथम संज्ञेविषयीं. 'मिलिंग' हा शब्द ऐकतांच मराठी माणसास पिठाची गिरणी आठवते. नाण्यांच्या संग्राहकांस मात्र तो परका नाहीं. शिवराई किंवा चांदवडी रुपया हे हातोड्याच्या घावानें पाडलेले. पुढें टांकसाळींत यंत्रावर पाडलेल्या, कडेस खांचा असलेल्या नाण्यास इंग्रज लोक 'मिल्ड' म्हणूं लागले. यंत्रशाळेंत त्याच शब्दाचा अर्थ असा : लेथवर कापावयाची वस्तु फिरते आणि हत्यार जागेवर राहतें, मिलिंग यंत्रावर याच्या उलट, अनेक दांत्यांचें हत्यार स्वतः फिरतें आणि पाटावर घट्ट बांधलेली वस्तु त्याच्याखालून सरळ रेषेंत सरकते. लेथ गोल वस्तु घडवितो, मिलिंग यंत्र सपाट बाजू, खांचा आणि दांते पाडतें. हीं दोन्ही असल्याशिवाय दातेरी चाक होत नाहीं, आणि दातेरी चाकाशिवाय पुढचें कोणतेंच यंत्र होत नाहीं.

फिरवून कापण्याची ही क्रिया आपल्याकडे फार जुनी आहे. सूर्याचें तेज पत्नीस सोसवेना म्हणून विश्वकर्म्यानें त्यास भ्रमावर चढवून तासला, आणि जो कीस पडला त्यापासून विष्णूचें चक्र व शिवाचा त्रिशूळ केला, अशी कथा पुराणांत आहे. हा 'भ्रम' म्हणजे कातारी लोकांचें कातण्याचें यंत्रच होय; पुराणकारानें तें कोठें तरी चालतांना पाहिलें असलें पाहिजे, नाहीं तर किसाचा हिशेब त्यानें ठेवला नसता. मराठींतील 'कातणें' हा शब्द त्याहून मौजेचा आहे. धातुपाठांत 'कृत्' हे दोन धातु दिले आहेत. एकाचा अर्थ छेदन, दुसऱ्याचा वेष्टन. त्यामुळें सूतही कातलें जातें आणि कातारी लाकूडही कातून काढतो. ज्या शहराचें पोट शंभर वर्षें एका बाजूनें सूतगिरण्यांवर आणि दुसऱ्या बाजूनें यंत्रशाळांवर भरलें, त्या शहरानें एकाच शब्दाचे दोन्ही अर्थ पुरेपूर वसूल करून घेतले असें म्हणावयास हरकत नाहीं. 'सूत' या शब्दाचेंही तसेंच. यंत्रशाळेंत व सुताराकडे आजही एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सूत्र धरणारा तो सूत्रधार, त्याचा झाला सुतार. आणि त्याची दोरी गेली तरी तिचें नांव पोलादी पट्टीवर राहिलें. स्क्रूस आपले जुने लोक मळसूत्र म्हणत; त्यावरील आवर्तांस कारागीर आटे म्हणतो. परिभाषा बनविणाऱ्या समित्यांनीं हे शब्द आधीं टिपून घेतले असते, तर पुष्कळसे निर्जीव संस्कृत शब्द जन्मास येते ना. आम्ही जन्मभर संस्कृत शिकविलें, तरी हें म्हणावयास आम्हांस संकोच वाटत नाहीं.

आतां यंत्राच्या कुळकथेकडे वळूं. 'युनिव्हर्सल' म्हणून ओळखलें जाणारें मिलिंग यंत्र अमेरिकेंत प्रॉव्हिडन्स येथें जोसेफ ब्राऊन यानें तयार केलें आणि १८६२ सालीं तें प्रथम विकलें गेलें. त्याचें कारण युद्ध. बंदुकीच्या भागांना भोंकें पाडणाऱ्या पिळाच्या ड्रिलवर ज्या वळणदार खांचा असतात, त्या तोंवर कारागीर गोल कानशीनें हातानें घाशीत. सैन्यास बंदुका हव्या झाल्या तशी ती रीत पुरेना. ब्राऊननें यंत्राचा पाट तिरपा वळेल आणि सरकतांना वस्तु आपोआप फिरेल अशी योजना केली, आणि पिळाची खांच यंत्रावर कापली जाऊं लागली. हें तेंच अमेरिकेंतील यादवी युद्ध, ज्यामुळें तिकडील कापूस लँकेशायरला जाईनासा झाला, मुंबईच्या कापसास सोन्याचा भाव आला, आणि १८६५ सालीं युद्ध थांबतांच मुंबईचे सट्टेवाले रस्त्यावर आले. शेअरमॅनियाची कथा आमच्याकडे सर्वांस पाठ आहे; त्याच युद्धाचें दुसरें अपत्य पुढें मुंबईच्या यंत्रशाळांत येऊन उभें राहिलें, ही गोष्ट मात्र कोणी सांगत नाहीं.

ब्राऊनच्या पूर्वीं कोण, या प्रश्नावर अमेरिकेंत जो वाद झाला तो आमच्या वाचकांनीं अवश्य लक्षांत घ्यावा, कारण तो सर्वस्वी पोथ्यांच्या वादासारखा आहे. न्यू हेवन येथें एक लहानसें जुनें मिलिंग यंत्र जपून ठेविलेलें आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीं जोसेफ रो या अभ्यासकानें तें ईली व्हिटनीचें व १८१८ सालचें म्हणून प्रसिद्ध केलें, आणि पुढें पन्नास वर्षें प्रत्येक पुस्तकांत 'पहिलें मिलिंग यंत्र' म्हणून त्याचेंच चित्र छापलें गेलें. एडविन बॅटिसन यानें १९६६ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत परंपरा बाजूस ठेवून यंत्रच तपासलें. त्याची घडण, त्यावरील कामाच्या खुणा पाहिल्या, आणि तें व्हिटनीच्या मृत्यूनंतरचें, म्हणजे १८२५ नंतरचें, असा निर्णय दिला. पुष्पिकेवर विसंबून पोथीचा काळ सांगणारा आणि कागद, शाई व अक्षराचें वळण पाहून तो सांगणारा, या दोघांत जो फरक तोच येथें आहे. यंत्र वाचतां येतें, आणि तें वाचण्याची रीत आपल्या शास्त्राहून वेगळी नाहीं, हें आमचें प्रतिपाद्य या एका उदाहरणानें सिद्ध होतें.

मुंबईंत यंत्रविद्या आली ती गोदी, टांकसाळ व आगगाडी या तीन वाटांनीं. टांकसाळीची इमारत १८२४ ते १८३० या काळांत उभी राहिली. गोदीच्या बाजूस अर्देशीर कर्सेटजी वाडिया (१८०८–१८७७) हें नांव सर्वांत मोठें. यानें आपल्या राहत्या जागीं लहानशी ओतशाळा घातली होती, १८३३ सालीं 'इंडस' नांवाची आगबोट पाण्यांत सोडली, आणि दुसऱ्याच वर्षीं माझगांवांतील आपल्या बंगल्यांत गॅसचे दिवे लावून लोकांस थक्क केलें. १८४१ सालीं तो मुंबईच्या सरकारी वाफयंत्रांच्या कारखान्याचा मुख्य इंजिनिअर झाला, आणि त्याच वर्षीं लंडनच्या रॉयल सोसायटीचा सभासद निवडला गेला. हा मान मिळविणारा तो पहिला हिंदी मनुष्य. त्याच्या हाताखालीं गोरे कारागीर काम करीत, ही त्या काळीं वर्तमानपत्रांतून कुरकुरीचा विषय झालेली गोष्ट. १८५३ नंतर आगगाडीचे कारखाने निघाले. १८५४ सालीं कावसजी दावर यांनीं पहिल्या सूतगिरणीची कंपनी काढली आणि १८५६ सालीं चात्या फिरूं लागल्या. पुढें प्रत्येक गिरणीच्या पोटांत मोडलेले भाग दुरुस्त करणारी एकेक यंत्रशाळा आपोआप निर्माण झाली. गिरणीच्या इतिहासांत मालक आहेत, भाव आहेत, संपही आहेत. ही आंतली यंत्रशाळा नाहीं. मुंबईच्या निम्म्या टर्नर-फिटरांची गुरुकुलें तीं, परंतु त्यांची वंशावळ कोणीं लिहून ठेवली नाहीं.

या प्रकरणांत ज्याचें नांव मराठी वाचकास प्रथम आठवेल ते लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) होत. १८८७ सालीं भायखळ्यास निघालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें ते शिक्षक होते. पुढें बेळगांवास सायकलींचें दुकान, वैरण कापण्याचीं यंत्रें, लोखंडी नांगर, आणि १९१० सालीं कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी. ही जागा दिली ती औंधचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं. महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीस ज्यांनीं उदार हस्तें द्रव्यसाह्य केलें तेच हे संस्थानिक. एकाच दात्याच्या ओसरीवर एकीकडे पाठभेद आणि दुसरीकडे बिडाचे नांगर, यांत विसंगति आहे असें त्यांस वाटलें नाहीं. आम्हांसही वाटूं नये. १९२० सालीं निघालेली 'किर्लोस्कर खबर' ही आरंभीं कारखान्याचें पत्रक होती. तिचे पहिले अंक वाङ्मयाच्या संग्राहकांनीं जपले आहेत, परंतु त्यांतील यंत्रांचीं चित्रें व जाहिराती इतिहासाचें साधन म्हणून कोणी तपासल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं. १९४१ सालीं म्हैसूर संस्थानांत हरिहर येथें म्हैसूर किर्लोस्कर कंपनी निघून लेथ बनूं लागले. स्वातंत्र्यानंतर १९५३ सालीं बंगलोरचा हिंदुस्थान मशीन टूल्स व आमच्या जवळ अंबरनाथ येथील सरकारी यंत्र-कारखाना हे दोन्ही स्थापन झाले, आणि १९६१ सालीं निघालेल्या भारत फ्रिट्झ वर्नर कंपनीचीं मिलिंग यंत्रें देशांत सर्वत्र पसरलीं. तोंवर मात्र जें यंत्र येथें उभें राही तें विलायतेचें, जर्मनीचें वा अमेरिकेचें, आणि बहुधा कोणीं तरी आधीं वापरून सोडलेलें.

गोरेगांव हें या इतिहासांत उशिरा आलेलें नांव. गोरेगांव व पहाडी हीं साष्टींतील खेडीं. साष्टी १७३७ सालीं मराठ्यांच्या हातीं आली, १७७४ सालीं इंग्रजांनीं घेतली, आणि सालबाईच्या तहानें ती त्यांजकडे कायम झाली. तेथपर्यंतचा वृत्तांत पेशवे दप्तरांत शोधावा. त्यानंतर दीडशें वर्षें भातशेती आणि ताडाचीं झाडें. हें चित्र पालटलें तें दोन गोष्टींनीं : १९२८ च्या जानेवारींत बोरिवलीपर्यंत विजेची गाडी धांवूं लागली, आणि १९२९ सालीं उपनगरांस वीज पुरविणारी कंपनी नोंदली गेली. यंत्रशाळांच्या दृष्टीनें दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. गिरणींतील यंत्रशाळेंत छपराखालून एक लांब दांडा फिरे आणि त्यावरून चामड्याच्या पट्ट्यांनीं प्रत्येक यंत्रास गति मिळे; त्यासाठीं बाष्पयंत्र हवें, चिमणी हवी, मोठें भांडवल हवें. वीज आल्यावर एक मोटर व एक लेथ घेऊन दहा हात जागेंतही कारखाना थाटतां येऊं लागला. दुसऱ्या महायुद्धानंतर पहाडी व गोरेगांव येथें कारखान्यांच्या छपरांची दाटी होत गेली. न्यू स्टँडर्ड इंजिनिअरिंग कंपनी १९४६ सालीं नोंदली गेली. पहाडीस निरलॉनचा नायलॉन धाग्याचा कारखाना निघाला. १९५७ सालीं गोरेगांव मुंबई महापालिकेच्या हद्दींत आलें. मोठ्या कारखान्यांच्या आश्रयानें उद्योगनगर, कामा इस्टेट, सोनावाला मार्ग, वालभाट मार्ग या भागांत गाळे पडले, आणि एकेका गाळ्यांत दोन लेथ, एक शेपर, एक मिलिंग यंत्र अशी मांडणी दिसूं लागली. आम्ही या उपनगरांत अध्यापन करीत असतां वर्गांतील पुष्कळ मुलांचे वडील टर्नर, मिलर वा फिटर असत. पालकांच्या सभेस ते येत तेव्हां नखांतील काळें तेल लपविण्यासाठीं हात मागें धरीत. रामरक्षा मुलांच्या तोंडीं स्पष्ट असे ती बहुधा याच घरांतून.

आतां एक प्रत्यक्ष यंत्र घेऊन तें कसें वाचावें हें दाखवितों. आमचा एक जुना विद्यार्थी वडिलांचा गाळा मोकळा करीत होता. त्यानें आम्हांस बोलावून नेलें. कोपऱ्यांत एक आडव्या दांड्याचें युनिव्हर्सल मिलिंग यंत्र होतें. पितळी पट्टीवर कॉव्हेंट्री हें गांवाचें नांव व आंकडा. बाकीचीं अक्षरें अनेकदां रंग चढवून व खरडून अर्धवट झालेलीं. पट्टी हा यंत्राचा शिलालेख खरा, परंतु ती काढून दुसऱ्या यंत्रावर बसवितां येते, म्हणून ती एकटी प्रमाण मानूं नये. अमेरिकन यंत्रांवर पुष्कळदां पेटंटांच्या तारखा ओतलेल्या असतात. त्यांतील सर्वांत अलीकडची तारीख ही काळाची पूर्वमर्यादा. युद्धकाळांतील काहीं अमेरिकन यंत्रांवर तर, युद्धाच्या आज्ञेमुळें रंगसफाई साधी ठेविली आहे, त्यानें यंत्राच्या अचूकपणांत उणेपण येत नाहीं, अशा आशयाची निराळी पट्टी मारलेली असे. आम्हांस असें साधन मिळालें तर आपण त्यास सनद म्हणूं.

पट्टीनंतर देह पाहावा. या यंत्राच्या पाठीस तीन पायऱ्यांची बिडाची पुली होती, म्हणजे हें मूळचें छपराच्या दांड्यावरून पट्ट्यानें चालणारें. तिच्यामागें लोखंडी कोनांचा सांगाडा जोडून मोटर बसविलेली, आणि तो जोड वेल्डिंगचा. मूळ ग्रंथ आणि मागाहून घातलेलें टिपण यांत अक्षरांचें वळण जसें वेगळें दिसतें तसें हें. रंग खरवडून पाहिला तेव्हां वर हिरवट करडा, त्याखालीं निळा, अगदीं तळाशीं काळा असे थर निघाले. म्हणजे किमान तीन धनी. पाटाखालील सरकत्या पृष्ठावर कारागिरानें हातानें खरवडून उठविलेलीं फुलें असतात, त्यांत तेल धरून राहतें. येथें तीं दोन्ही टोंकांस ताजीं होतीं आणि मध्यें पार पुसलेलीं. पाट सरकविणारें मळसूत्रही मध्यावर ढिलें, कडेस घट्ट. यावरून येथें आयुष्यभर आंखूड वस्तूच कापल्या गेल्या हें निश्चित. पोथीचीं नित्य पाठाचीं पानें बोटांच्या मळानें ओळखावीं आणि बाकीचीं कोरीं सांपडावीं, तसाच हा प्रकार.

सर्वांत बोलकी खूण मोजमापाची. यंत्राच्या मुठीचा एक पूर्ण फेरा म्हणजे पाव इंच, आणि तबकडीवर अडीचशें रेषा. १९५६ च्या कायद्यानें देशांत मेट्रिक मापें आलीं, आणि पुढील काहीं वर्षांत नकाशे मिलिमीटरचे येऊं लागले. यंत्रें मात्र इंचाचींच राहिलीं. मग कारागिरानें काय करावें? या गाळ्याच्या भिंतीवर, यंत्रावर उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीस, तेलकट रंगानें एक कोष्टक लिहिलेलें होतें : एक सूत ३.१७५, पाव इंच ६.३५, अर्धा १२.७, आणि खालीं एक इंच २५.४. आंकडे देवनागरी, अक्षर सुरेख, शाळेंत मारून मुटकून वळविलेलें. कायदा दिल्लीस झाला. तो गोरेगांवांत अमलांत आला तो या भिंतीवर. शेजारच्या लेथच्या पेटींत एकशें सत्तावीस दांत्यांचें एक चाक पडलेलें होतें. पंचवीस पूर्णांक चार दशांशास पांचानें गुणिलें म्हणजे एकशें सत्तावीस. इंचाच्या लेथवर मिलिमीटरचे आटे पाडावयाचे तर हें चाक मध्यें घालावें लागतें, दुसरा अचूक उपाय नाहीं.

आणि हें चाक बाजारचें नव्हतें. मिलिंग यंत्रावर वर्तुळाचे सारखे भाग पाडण्यासाठीं एक विभाजक असतो. त्याची मूठ चाळीस वेळां फिरविली म्हणजे वस्तु एकदां फिरते. आणि फेऱ्याचा अंश मोजण्यासाठीं भोंकांचीं वर्तुळें असलेल्या तबकड्या असतात. तीस दांते हवे असतील तर चाळीस भागिले तीस, म्हणजे एक फेरा आणि वर एक तृतीयांश. अठरा भोंकांच्या वर्तुळावर एक फेरा व सहा भोंकें मोजून थांबावें. ज्यांस पंचांगाचें गणित अवगत आहे त्यांस हें सांगण्याची गरज नाहीं. परंतु एकशें सत्तावीस ही मूळसंख्या. तिला भाग जात नाहीं, आणि नेहमींच्या तबकड्यांत तितक्या भोंकांचें वर्तुळ नाहीं. तेथें विभाजकास जादा चाकें जोडून तबकडीसच किंचित् मागें-पुढें फिरवीत नेण्याची युक्ति करावी लागते. ती येथें कोणी केली हें विचारतां जवळ उभे असलेले वृद्ध मिस्त्री म्हणाले, "मीच कापलं ते, सर. पहिलं चाक फुकट गेलं, शेवटचा दात अर्धाच उरला. दुसरं रात्री कापलं, कुणी बोलू नये म्हणून." त्यांचें शिक्षण चौथीपर्यंत. ते यंत्रास 'ती' म्हणत होते. मराठी कारागिराच्या तोंडीं मशीन नेहमीं स्त्रीलिंगीच असतें, आणि 'यंत्र' हें आमचें नपुंसकलिंग त्यांच्या कानास बहुधा उपरें लागत असावें.

मिस्त्रींजवळ एक वही होती. सुमारें दीडशें पानें. कोणत्या दांत्यांस कोणतें वर्तुळ, कोणत्या गिऱ्हाइकाच्या कोणत्या वस्तूस किती कट, कोणत्या पोलादास कोणता वेग, आणि मधूनमधून उचल, सणावारीं गांवीं पाठविलेले पैसे. अक्षर तेंच भिंतीवरचें. ही वही आणि एखाद्या कुळकर्ण्याचें बाड यांत आम्हांस तत्त्वतः भेद दिसत नाहीं. यंत्राचा अर्थ वहीवांचून पुरता लागत नाहीं, आणि वहीचा यंत्रावांचून. दोन्ही एका ठिकाणीं राहिलीं पाहिजेत, हाच खरा कठीण भाग.

कारण यंत्र दारूखान्यास वा कुर्ल्यास जातें तें किलोच्या भावानें, आणि वही जाते रद्दींत. १८ जानेवारी १९८२ रोजीं गिरण्यांचा संप सुरू झाला; त्यानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली तसतशा आंतल्या यंत्रशाळा उकलल्या गेल्या, आणि त्यांतील जें चांगलें होतें तें उपनगरांतल्या गाळ्यांनीं घेतलें. गोरेगांवांतलीं कित्येक यंत्रें अशीं दुसऱ्या जन्माचीं आहेत. आतां त्या गाळ्यांचीच जागा मोलाची झाली आहे. निरलॉनच्या कारखान्याच्या जागीं संगणकाच्या कचेऱ्या आल्या. न्यू स्टँडर्डच्या आवारांत प्रदर्शनांचीं दालनें झालीं, आणि २०२० सालीं त्याच दालनांत साथीच्या रोग्यांच्या खाटा लागल्या. हा कालक्रम आहे. त्यावर शोक करण्यासाठीं आम्हीं लेखणी उचललेली नाहीं. संगणकाच्या आज्ञेनें चालणारें यंत्र एका तासांत जें काम करतें त्यास या जुन्या यंत्रावर दोन दिवस लागत, आणि मिलिंगवाल्याच्या तुटलेल्या बोटांची आठवण ज्यांस आहे ते जुन्याचे पोवाडे गाणार नाहींत. गाळ्याच्या मालकानें यंत्र विकलें तर त्यांत त्याचा अपराध नाहीं. परंतु विकण्यापूर्वीं तें वाचावयास कोणीच येऊं नये, हा अपराध आमच्यासारख्यांचा.

काहीं श्रीमंत हौशी लोक अलीकडे अशीं यंत्रें घेऊन, घासून, चकचकीत रंग देऊन उपाहारगृहांच्या दारांत मांडतात. त्यास जतन म्हणणें आम्हांस मान्य नाहीं. अस्पष्ट झालेल्या पोथीवर नव्या शाईनें अक्षरें गिरविणाऱ्यास आपण जें म्हणतों तेंच यांस म्हणावें. रंगाचे थर, वेल्डिंगचा ओबडधोबड जोड, तबकडीवर खिळ्यानें ओढलेली रेघ हाच तर पुरावा. तो घासून टाकल्यावर उरतें तें केवळ बीड. अमेरिकेंत व्हरमाँट प्रांतीं विंडसर येथें, १८४६ च्या जुन्या बंदुकांच्या कारखान्याच्याच इमारतींत, अशा यंत्रांचा स्वतंत्र संग्रह केलेला आहे. तसें कांहीं येथें होईल तेव्हां होवो. एकेक यंत्र टनाच्या हिशेबांत असतें. तें मंडळाच्या माडीवर चढविण्याची सूचना आम्ही करीत नाहीं, आमच्या चिटणिसांनीं घाबरून जाऊं नये.

आमची मागणी याहून पुष्कळ लहान आहे. हस्तलिखितांची सूची करितांना प्रत हातीं नसली तरी आपण तिचें वर्णन नोंदवितों, तशी यंत्रांची सूची व्हावी. पट्टीवरील मजकुराची यथामूल नक्कल, शाईनें वा शिशानें घेतलेला ठसा, मोजमापाची पद्धति, पुली वा मोटर, झिजेच्या जागा, पूर्वींचे धनी, आणि त्यावर काम केलेल्या मनुष्याच्या तोंडून ऐकलेली हकीकत, एवढें एका पानावर बसतें. कारागीर सत्तरीच्या घरांत आहेत, म्हणून हकीकत आधीं घ्यावी आणि यंत्र नंतर पाहावें. मुंबईबाहेर कोल्हापूरचें उद्यमनगर, सातारा रोड, किर्लोस्करवाडी, पुण्यांतील जुन्या पेठांतल्या लहान यंत्रशाळा येथेंही हेंच काम आहे. ज्यांच्या संग्रहीं यंत्रविक्रेत्यांचे जुने सूचीग्रंथ, मिस्त्री लोकांच्या वह्या, कारखान्यांचे नकाशे वा 'किर्लोस्कर खबरे'चे आरंभींचे अंक असतील त्यांनीं निदान त्यांची नोंद मंडळाकडे पाठवावी. वर वर्णिलेलें यंत्र लिलांवांत एका भंगारवाल्यानें घेतलें. वही मिस्त्रींनीं आपल्या नातवाजवळ ठेविली असून तिची छायाप्रत काढण्यास अनुमति दिली आहे. भिंतीवरील कोष्टकाची नक्कल व छायाचित्र आम्हीं मंडळाच्या दप्तरीं दाखल केलें आहे, आणि एकशें सत्तावीस दांत्यांचें चाक सध्यां आमच्या घरीं, अमरकोशाच्या शेजारीं, फळीवर आहे. तें पाहूं इच्छिणारांनीं सकाळच्या वेळीं यावें.